पहिलं पान नाही म्हणणाऱ्याला

आमच्या वस्तीत एक रीत होती. बैठकीत ज्यानं बाकी सगळ्यांच्या विरुद्ध 'नाही' म्हटलं असेल, त्याचं पान त्या दिवशी सगळ्यांत आधी वाढायचं. पळसाच्या पत्रावळीवर पहिली गरम भाकर त्याला, आणि झुणक्याच्या कढईतली पहिली पळीही त्यालाच.

ही रीत कोणी काढली ते मी आलो तेव्हा कोणालाच नीट आठवत नव्हतं. कारण मात्र सगळ्यांना पाठ होतं. तिथं कुठलीही गोष्ट सगळ्यांच्या संमतीशिवाय होत नसे. अकरा माणसांतल्या एकानं मान आडवी हलवली की काम जागच्या जागी थांबायचं. मग उरलेले दहा जण त्याच्याकडे रागानं बघणार, आणि पुढच्या खेपेला तो माणूस भिऊन गप्प बसणार. तसं होऊ नये म्हणून हे पहिलं पान. भांडण बैठकीत ठेवायचं आणि पंगतीला मोकळ्या मनानं बसायचं.

मला तिथं अकरा महिने झाले होते आणि माझं पान एकदाही पहिलं वाढलं गेलं नव्हतं.

मी मूळचा गडहिंग्लजच्या पुढचा. शाळा सातवीत सुटली. 'सोडली' म्हणावं इतकं धाडस माझ्यात नव्हतं. वडील गेले, मामानं त्याच्या तेलघाणीवर बैल हाकायला उभं केलं, आणि शाळेतून कोणी विचारायला आलं नाही, एवढंच. पुढं गुळाच्या ट्रकवर क्लीनर झालो. बाविशीत असाच गूळ घेऊन नागपुरात उतरलो आणि कावीळ झाली. ट्रक दोन दिवस थांबला, तिसऱ्या दिवशी निघून गेला. ड्रायव्हरला मी बोल लावत नाही, त्यानं जाताना माझी वळकटी दवाखान्यात आणून दिली होती.

तिथल्या एका नर्सबाईंनी मला महिनाभर सांभाळलं. उसाचा रस, ताक, रागावणं, सगळं वेळच्या वेळी. त्या नोकरीतून निवृत्त होत होत्या आणि सावनेरच्या बाजूला काही मंडळींनी वसवलेल्या नव्या वस्तीत राहायला निघाल्या होत्या. मला त्यांनी विचारलं, बरा झाल्यावर कुठं जाणार? मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तिकडं. ते उत्तर त्यांना आवडलं नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पण त्या मला घेऊन आल्या. त्या उपकाराचं काय करायचं हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आता सत्तरी ओलांडली तरी समजलेलं नाही.

वस्ती म्हणजे बरड जमिनीचा एक उतार, त्यावर मातीच्या सहा झोपड्या, एक विहीर, मोटेचे दोन बैल, एक गाय आणि मधोमध मोठा स्वयंपाकाचा मांडव. विजेचे खांब शेजारच्या गावापर्यंत येऊन थांबले होते. पुढं आणू का, असं विचारायला माणूस आला तेव्हा आमच्या लोकांनी त्याला ताक पाजून परत पाठवलं होतं. आपलं धान्य आपण पिकवायचं, कापूस आपण कातायचा, मीठ, लोखंड आणि दिव्यापुरतं रॉकेल सोडून बाहेरून काही आणायचं नाही, असं ठरलं होतं. जमीन काकाजींची होती. ते इथलेच शेतकरी. एका सभेत कोणाचं तरी भाषण ऐकून आले आणि घरी सांगितलं, आपल्या बरडावर आता वस्ती होणार. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणायचो. आणि सर होते. नागपुरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता एक दिवस खडू ठेवून निघून आलेले.

मी आलो त्या दिवशी बैठकीत सरांनी मला विचारलं की तुम्हाला काय येतं. मी गोंधळलो. तिथं कोणी बी. ए., कोणी एम. एस्सी., एक जण तर वकील. मला ट्रकचा टायर बदलता येत होता, पण तिथं ट्रक नव्हता. मग तोंडातून निघून गेलं, घाणी येते. सगळ्यांचे चेहरे उजळले. तेलाचं काय करायचं हा त्यांचा सगळ्यांत मोठा प्रश्न होता, आणि घाणीवाला आपण होऊन चालत आला होता.

खरं म्हणजे मला घाणी येत नव्हती. मी बैलामागं चालत होतो. उखळात हात मामाचा असायचा. पण ते सांगायला तोंड उघडेपर्यंत बाईंनी माझ्यासाठी पांघरूण काढून आणलं होतं.

वर्षभर राहायचं, मग सगळे मिळून ठरवणार ठेवायचं की नाही, असा तिथला नियम. त्या वर्षात मी इतका सुखी होतो की भीतीच वाटायची. पहाटे मोट सुरू व्हायची, काकाजी बैलांशी बोलायचे, सर गायीशी बोलायचे आणि गाय त्यांना लाथ मारायची. दुपारी सगळे टकळी घेऊन बसायचे. वकील सूत कातताना जुने खटले सांगायचे आणि सूत तुटलं की निकाल राखून ठेवायचे. आमच्या गावी मला एकट्याला जेवायची सवय होती. इथं अकरा जण एका ओळीत बसायचे, आणि मला कोणीतरी रोज विचारायचं, पोट भरलं का.

ते जाऊ नये म्हणून मी सगळ्याला 'हो' म्हणायचो. विहीर खोल करायची? हो. पुढच्या आठवड्यात ठरलं की नको करायला, त्यालाही हो. संडासाचे खड्डे उपसायला कोण जातं, मीच. काकूंनी माझं नाव होयबा ठेवलं. भाकरी थापता थापता म्हणायच्या, "काहून गा होयबा, उद्या कोणी म्हटलं विहिरीत उडी मार, तं तसाच हो म्हणशीन का दोर धरून हो म्हणशीन?" सगळे हसायचे, मीही हसायचो. सातवी शिकलेल्या माणसानं एम. एस्सी.ला काय नाही म्हणायचं?

त्या वर्षी तीळ चांगला आला. तीन पोती भरली. शेजारच्या गावात एका म्हातारीच्या अंगणात जुनी घाणी पडून होती, तिची पोरं कोळशाच्या खाणीत कामाला गेली होती. तिनं ती फुकट दिली, वर म्हणाली, माझा माणूस होता तोवर चालली, मले काही माहीत नाही, अंगण मोकळं झालं तं बरं. आम्ही ती बैलगाडीवर घालून, गाणी म्हणत आणली. मोठं लाकडी उखळ, त्यात फिरणारा जाड दांडा, त्याला मामा लाट म्हणायचा, आणि बैलाला जुंपायचं आडवं लाकूड. उखळ जमिनीत पुरलं त्या दिवशी काकूंनी त्याला हळद-कुंकू लावलं.

मग आमच्या लोकांनी जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं. दिवाळीला वीस-बावीस दिवस होते. सर म्हणाले, या दिवाळीला दिवे आपल्या तेलाचे. सगळ्यांना इतका आनंद झाला की त्याच बैठकीत ठरलं, आजपासून रॉकेल बंद. तिथंच सगळे उठले आणि उरलेलं रॉकेल, चारही कंदील, अगदी काचा पुसून, गावात नेऊन वाटून आले. तेलाचा एक थेंब अजून निघाला नव्हता. हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. माझ्या आलं होतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या बैठकीत तीळ कसा घालायचा हे निघालं. सरांनी समजावून सांगितलं. तेल आणि पाणी एकमेकांचे वैरी. तिळात जेवढा ओलावा, तेवढं तेल कमी. तेव्हा तीळ कडक उन्हात तीन दिवस वाळवायचा आणि कोरडा ठणठणीत झाल्यावरच उखळात घालायचा. ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मामाचा हात आला. डाव्या हाताशी पाण्याचं तांब्या-भांडं असायचं. तो मधूनच ओंजळभर पाणी घाण्यात शिंपडायचा. केव्हा शिंपडायचा, किती, हे मला माहीत नव्हतं, कारण मी बैलाच्या पलीकडं असायचो. शिवाय तो शेंगदाणा होता, हा तीळ. सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुमच्याकडे असंच करतात ना? मी म्हणालो, हो.

तीन दिवस तीळ वाळला. चौथ्या दिवशी बैल जुंपला. सकाळपासून दुपारपर्यंत लाट करकरत फिरली, सगळे भोवती पातेली घेऊन उभे. तीळ भरडला गेला, मग पीठ झालं, मग काळपट गरम लगदा झाला आणि लाटेला चिकटून तिच्याबरोबरच गोल फिरायला लागला. तेल नाही. संध्याकाळपर्यंत बैलही आमच्याकडे बघायला लागला. तो लगदा खरवडून काकूंनी त्यात मीठ-तिखट घातलं आणि आठ दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ तिळाची चटणी खाल्ली. पुन्हा वाळवून दुसरं पोतं घातलं. पुन्हा चटणी.

दिवाळी तशीच आली. आम्ही दिवस असतानाच, पाच वाजता जेवून घ्यायचो आणि अंधारात बसून गप्पा मारायचो. गावातल्या बायकांना कळलं. पण आमचे नियम त्यांना ठाऊक होते. दिवेलागणीला त्या आल्या आणि आमच्या बांधाच्या पलीकडं, अगदी काठावर, आपल्या हद्दीत ओळीनं पणत्या ठेवून गेल्या. सर म्हणाले, नियमात बसतं. काकू म्हणाल्या, नसतं बसत तरी म्या आणल्या असत्या उचलून.

दिवाळीनंतर माझं वर्ष भरलं म्हणून बैठक लागली. मी आदल्या दिवशी सदरा धुऊन ठेवला होता. एकेकाला विचारत गेले. काकाजी हो म्हणाले, सर हो म्हणाले, वकील म्हणाले की खटलाच नाही. शेवटी बाई राहिल्या. त्यांचं मी धरूनच चाललो होतो. त्यांनीच तर मला आणलं होतं.

"मी नाही म्हणते," बाई म्हणाल्या.

सरांनी कारण विचारलं. बाई माझ्याकडे बघून बोलल्या, सरांकडे नाही. "वर्षभरात यानं एकदाही नाही म्हटलं नाही. दवाखान्यात पण असाच होता, औषध कडू आहे हेसुद्धा सांगायचा नाही. ज्याचं 'नाही' मी ऐकलंच नाही, त्याच्या 'हो'चं मी काय करू? तो इथं राहतो की नुसता लपतो, मला कळत नाही."

ठरलं की आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं. त्या दिवशी पहिलं पान बाईंचं होतं. त्यांनी अर्धी भाकर मोडून माझ्या पानात टाकली. मी ती गिळली, पण चव काय होती ते सांगता येणार नाही.

ते आठ दिवस वाईट गेले. मी आधी बाईंवर रागावलो. मग राग परवडणार नाही म्हणून दुप्पट कामाला लागलो. खड्डे उपसले, सरपण फोडलं, सगळ्यांची धोतरं धुतली. बाई जाता-येता बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. रात्री वळकटी बांधून उशाला घ्यायचो. नागपुरापर्यंत चालत, मग स्टेशन, मग पुढं कुठं? ट्रकवर मला कोण घेणार होतं? आणि घेतलं तरी पोट भरलं का, असं तिथं कोण विचारणार होतं?

सहाव्या दिवशी सकाळी घाणीपाशी गडबड ऐकू आली. तिसरं पोतं उघडलं होतं. तेच शेवटचं, आणि पुढच्या वर्षीचं बियाणंही त्यातच. सरांनी हिशेब मांडला होता की उन्हानं पुरेसा ओलावा जात नाही, म्हणून तीळ तव्यावर भाजून घ्यायचा. तीन दगडांवर मोठा पत्रा ठेवला होता, खाली जाळ, आणि काकाजी पोतं उचलून ओतायच्या बेतात. सरांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांकडे बघितलं. कोणाचं काही?

मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो.

"नको," मी म्हणालो. "सर, नाही. भाजू नका. त्याला पाणी लागतंय."

काकाजींनी पोतं खाली ठेवलं. सर माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं की पाणी का लागतं. मी सांगितलं, का ते मला माहीत नाही. मामा घालायचा. किती तेही माहीत नाही, मी बैलाच्या पलीकडं होतो. मला घाणी येत नाही सर, मी पहिल्या दिवशी खोटं बोललो.

मला वाटलं आता सगळं संपलं. सर मात्र लहान पोरासारखे उठले. "थांबा, थांबा," म्हणत ते आत गेले आणि कागद-पेन्सिल, एक तांब्या आणि चमचा घेऊन आले. पाणी शोषून पीठ फुगणार आणि आतलं तेल बाहेर ढकलणार, असं काहीसं ते स्वतःशीच बोलत होते. बैल जुंपला. तीळ भरडून पीठ झाल्यावर सर चमचा-चमचा पाणी मोजून घालायला लागले आणि प्रत्येक चमच्याला कागदावर रेघ मारायला लागले. सतराव्या रेघेला काकूंचा धीर सुटला. त्यांनी तांब्या हिसकावून घेतला, उखळात हात घातला, पीठ मुठीत दाबून बघितलं. "हे थालीपिठाचं पीठ आहे न सर, कॉलेज नोहे," म्हणाल्या, आणि एक ओंजळ शिंपडली. मग अर्धी. मग हात वर करून म्हणाल्या, आता पुरे, हाक रे बैल.

दहा-बारा फेऱ्या काही झालं नाही. मग लाटेचा आवाज बदलला. करकर थांबून एक ओलसर, जड आवाज यायला लागला. तो आवाज मला ओळखीचा होता. घाणीवर तो आवाज आला की मामा मला बैल थांबवायला सांगायचा. मी काहीतरी ओरडलो असेन, काय ते आठवत नाही. लगदा लाटेला सोडून उखळाच्या कडेला ढेपेसारखा धरला होता आणि मधल्या खळग्यात पिवळंधमक तेल चढत होतं.

ते काढायला काही नव्हतं. सरांनी आपल्या धुतलेल्या धोतराची पट्टी टर्रकन फाडली. ती तेलात बुडवून टिपायची आणि पातेल्यात पिळायची, हे मात्र मला पक्कं माहीत होतं, कारण मामाकडं चिंधी पिळायचं काम माझंच होतं. मी पिळत होतो आणि सगळे वाकून बघत होते. वकिलांनी बोट बुडवून डोक्याला लावलं. काकाजींनी बैलाच्या शिंगांना लावलं. बाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला होता, हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही.

त्या दिवशी पहिलं पान माझं होतं. काकूंनी भाकरीवर ताजं तेल घातलं, वर मीठ. सगळे माझ्या पहिल्या घासाची वाट बघत थांबले, आणि त्या दहा जणांसमोर मला ठसका लागला. नवं तेल, घाईचा घास. काकू पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, नाही म्हणाची सवय नाही न बिचाऱ्याले, गळ्यात अटकलं.

आठव्या दिवशी बैठक बसली. मी आधीच बोलायला मागितलं. म्हणालो, मला घाणी येते असं सांगून मी इथं राहिलो, ते खोटं होतं, ते धरून जे ठरवायचं ते ठरवा. मग सर घसा खाकरून म्हणाले की त्यांनीही येताना सांगितलं होतं, धार काढता येते. त्यावर काकाजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी कबूल केलं की तंबाखू सोडला म्हणून शपथ घेतली होती खरी, पण पुडी गोठ्याच्या भिंतीत आहे. बाई म्हणाल्या, साठ माणसांचा स्वयंपाक येतो असं मी सांगितलं होतं, आणि मला वरण सोडून काही येत नाही. एकेक जण आपापलं खोटं काढत गेला. शेवटी काकू राहिल्या.

"मी आपल्या खुशीनं आली, असं म्या सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "कायची खुशी. हे आले म्हणून यावं लागलं. खुशी मंग आली."

काकाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्यांना वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळत होतं बहुतेक.

मग पुन्हा एकेकाला विचारलं. या खेपेला बाईंपासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, राहू द्या. एवढंच म्हणाल्या. मी वळकटी सोडून आलो तेव्हा बैठक पुढच्या विषयावर गेलेली होती. सर उत्साहात होते. तेल झालं, आता मीठही बाहेरून कशाला आणायचं? आघाड्याची झाडं जाळून त्यांच्या राखेतून क्षार काढता येईल, आपण उद्यापासून मीठ बंद करू.

मी दारातूनच म्हणालो, नाही.

आणि बसलोच. आधी क्षार काढून दाखवा, मग मीठ बंद करा. रॉकेलाचं काय झालं आठवतंय ना? दिवाळी अंधारात गेली. आता आमटी अळणी खायची काय? सर म्हणाले, प्रयोगाला श्रद्धा लागते. मी म्हणालो, आमटीला मीठ लागतंय. बाईंनी शांतपणे जाहीर केलं की त्या सरांच्या बाजूनं आहेत. मला खात्री आहे, मला आणखी बोलतं करायलाच. मग मी त्यांच्याशीही भांडलो. ज्यांनी मला मरणातून उठवलं, त्यांना मी तोंडावर सांगितलं की तुमचं चुकतंय, आणि त्या मजेत ऐकत होत्या. तासभर चाललं. काकू दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, याले बोलाले तुम्हीच लावलं. आता भाकरी थंड्या होऊन राहिल्या, तुम्हीच निस्तरा."

मीठ त्या दिवशी वाचलं. उठता उठता बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा हा विषय घेऊ.

मी म्हणालो, घ्या की.